पाणथळीवर ओळख पटवायची कशी: आधी पाणी, मग आकार, रंग शेवटी

पाणथळीवर पहिल्यांदा येणारा माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो आणि लगेच रंग शोधू लागतो. समोर हजारभर पक्षी असतात, पाण्यावर चकाकी असते, निम्मे पक्षी काळे आणि उरलेले मातकट दिसतात. अर्ध्या तासात तो हिरमुसतो. खरे पाहता ओळख शिकायला पाणथळीइतकी सोयीची जागा नाही, कारण इथला जवळपास प्रत्येक जीव पाण्याच्या ठरावीक खोलीला बांधलेला असतो. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याला त्याच्या पायांच्या उंचीपुरते पाणी चालते, वारकरी या काळ्या पाणपक्ष्याला बुडी मारण्याएवढे लागते. पाणकणीस काठच्या चिखलात उभे राहते, हायड्रिला पूर्ण पाण्याखाली वाढते. खोली वाचता आली की दुर्बीण उचलण्याआधीच निम्मी ओळख पटलेली असते.

इथे उदाहरण म्हणून नांदूर मधमेश्वर घेतले आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि त्यातूनच ही पाणथळ घडली. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला, जायकवाडीला किंवा विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर हीच पद्धत चालते. ठाण्याच्या खाडीत मात्र भरती-ओहोटी आणि खारफुटी आहे. तिथली वनस्पतींची यादी पूर्ण वेगळी, त्यामुळे वनस्पतींबद्दलचा पुढचा भाग तिथे लावू नका.

कधी जायचे आणि काय न्यायचे

पक्ष्यांसाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. वनस्पती आणि चतुर (पाण्याकाठी उडणारे, लांब शेपटीचे कीटक) पाहायचे तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. नवख्याने ऑक्टोबरमध्ये बदके ओळखायला जाऊ नये, हे आवर्जून सांगतो. तेव्हा नुकत्याच आलेल्या बहुतेक स्थलांतरित बदकांच्या नरांवर विणीचा पिसारा नसतो आणि नर-मादी सगळे सारखेच तपकिरी दिसतात. पुस्तकातले रंगीत चित्र घेऊन बसलेल्याला त्यातले काहीच सापडत नाही. डिसेंबरपर्यंत बहुतेक नर रंगात येतात.

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठे दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट होते आणि दृश्याचा घेर लहान असतो, त्यामुळे सुरुवातीला पक्षी भिंगात सापडतच नाही. दुर्बीण घेतल्यावर ती आपल्या डोळ्यांना बसवून घ्यावी लागते. पुष्कळजण हे करत नाहीत आणि डोके दुखते म्हणून दुर्बिणीला दोष देतात. तीसेक मीटरवरच्या एखाद्या फांदीवर नजर लावा. उजवे भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने पाहत मधले चाक फिरवून चित्र स्वच्छ करा. आता डावे भिंग झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून चित्र स्वच्छ करा. त्या कडीची जागा लक्षात ठेवा, पुढे फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा असेल तर डोळ्यापाशी असलेले रबरी कप आत दाबून घ्या, नसेल तर बाहेर काढा.

बाकी सामान थोडे: पेन्सिल (शाईचा पेन दवाने फुटतो), खिशात मावणारी वही, टोपी, पाणी, मळखाऊ रंगाचे कपडे. पाणथळीवर पांढरा सदरा लांबून दिसतो आणि बदके आपल्यापासून पन्नास मीटर आणखी आत सरकतात.

निफाड परिसरात उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर आहे. उजाडण्याआधी उसाच्या बांधावरून एकट्याने चालू नका, वाहनाने निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जा. वरून वाळलेल्या गाळावर पाय ठेवण्याचा मोहही टाळा. वरचा थर टणक वाटतो, खाली गुडघ्यापर्यंत चिखल असतो.

पहिली पायरी: दहा मिनिटे दुर्बीण गळ्यातच

सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा. समोरून ऊन आले की सगळे पक्षी काळे दिसतात आणि तिथे केलेली ओळख बहुधा चुकते. उभे राहून वहीत एक ओबडधोबड नकाशा काढा आणि त्यात पाच पट्टे आखा: काठचे गवत आणि झाडे, ओला चिखल, घोट्याएवढे पाणी, वनस्पतींनी झाकलेले पाणी, मधले उघडे खोल पाणी. हे पट्टे रोज तसेच राहत नाहीत. सिंचनासाठी पाणी सोडले की आठवड्याभरात चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवारांची, म्हणजे चिखलात लगबगीने चालणाऱ्या लहान पक्ष्यांची, गर्दी होते. पाणी चढले की तीच जागा बदकांची. म्हणून नकाशावर तारीख टाका.

दुसरी पायरी: वनस्पती आधी शिका

पक्षी उडतो, वनस्पती उडत नाही. ती हवा तेवढा वेळ देते आणि पट्टे कुठे सुरू होतात ते तीच सांगते.

काठावर उंच, पात्यांची दाटी दिसली की सगळ्याला सरसकट ‘लव्हाळा’ म्हणण्याची सवय आहे. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पाणकणीस माणसापेक्षा उंच जाते, पाती चपटी, जाड, बुडापासूनच निघालेली, आणि टोकाशी गच्च तपकिरी कणीस. त्या कणसाच्या वर थोडी मोकळी दांडी आणि त्यावर नर फुलांचा बारीक तुरा असतो. तो लवकर झडतो, म्हणून वर नुसती काडी दिसली तर गोंधळू नका. बोरू किंवा देवनळ म्हणजे गवतच, पण बांबूसारखी पेरे असलेले. पाती दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर फुटतात आणि टोकाशी मोकळा, वाऱ्यावर हलणारा तुरा असतो. खरा लव्हाळा या दोघांपेक्षा सहसा ठेंगणा. त्याची दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा: तीन कडा बोटाला लागल्या तर लव्हाळ्याच्या कुळातला, गोल आणि पोकळ पेरेदार लागली तर गवत. कुळातल्या थोड्या जाती गोल दांडीच्याही असतात. त्यांना पेरे नसतात, एवढे पाहिले की पुरते.

ओल्या काठावर निळसर जांभळ्या फुलांचे काटेरी झुडूप भेटले तर तो तालिमखाना. प्रत्येक पेराशी लांबट पानांचे वलय आणि त्यात पिवळसर सरळ काटे असतात. हात जपून लावा. फिकट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांचे उंच झुडूप म्हणजे बेशरम. ते इथले नाही, दक्षिण अमेरिकेतून आले आणि काठ व्यापत चालले आहे. त्याची पाने गुरे खात नाहीत, म्हणून चराईच्या काठावर तेच उरते.

पाण्यावर पसरलेल्या पानांत कमळ आणि कुमुद यांची गल्लत ठरलेलीच. फूल पाहू नका, पान पाहा. कमळाचे पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर, मोठी पाने पाण्याच्या वर उचललेली आणि त्यांवर पाणी थेंब होऊन घरंगळते. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर टेकून राहते. शिंगाड्याची पाने चौकटीच्या आकाराची, गोल पसरलेली, देठ मध्येच फुगलेले.

देठ फुगलेले जलपर्णीचेही असतात, पण तिची पाने उभी, चकचकीत आणि मुळे चिखलात रुजलेली नसून पाण्यात लोंबकळतात. फूल फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद तिला पोसते. ती दाट झाली की खाली उजेड जात नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो आणि त्या वनस्पतींवर जगणारी बदके दुसरीकडे जातात. नांदूर मधमेश्वरच्या रामसर नोंदीत तिचा धोका म्हणून उल्लेख आहे. जलपर्णीवर कमळपक्षी आणि पाणकोंबड्या चालताना दिसतात म्हणून ती बरी, असे समजू नये.

पाण्याखालच्या वनस्पतींसाठी काठाला लागलेला एखादा तुटका तुकडा उचला, आत उतरू नका. पाने वलयात आणि बोटाला खरखरीत लागली तर हायड्रिला. पान टोकाकडे दुभंगत गेलेले आणि मूळ अजिबात नाही, तर सेराटोफायलम. लांब, मऊ, फितीसारखी पाने बुडातून निघालेली, तर बहुधा वॅलिस्नेरिया. पाहून झाले की तुकडा तिथेच टाका. घरच्या टाकीसाठी नेलेला किंवा बुटाच्या तळाला चिकटलेला एवढासा तुकडाही दुसऱ्या तळ्यात रुजतो.

तिसरी पायरी: पट्ट्यानुसार पक्षी

आता दुर्बीण उचला आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात क्रमाने जा. मापासाठी दोन पक्षी पक्के करा: टिबुकली (सतत बुड्या मारणारा लहान पाणपक्षी) पंचवीसेक सेंटिमीटर, हळदी-कुंकू बदक साठेक सेंटिमीटर. अनोळखी पक्षी यांच्या शेजारी ठेवून मोठा की लहान एवढे ठरवा.

ओला चिखल. हा पट्टा नवख्याने पहिल्या काही भेटींत फार ताणू नये. इथे सारखे दिसणारे, तपकिरी, लगबगीने चालणारे पक्षी असतात. तीनच शिका. तुतवार: चालताना शेपूट सतत खालीवर, छातीच्या कडेला खांद्यासमोर पांढरी पाचर घुसलेली, उडताना पंख ताठ ठेवून पाण्यालगत. ठिपकेवाली तुतारी: पाठीवर फिके ठिपके, ठळक पांढरी भुवई, पाय पिवळसर. हिरवी तुतारी: पाठ गडद, पंखाखालची बाजू काळपट आणि उडाली की शेपटीच्या बुडाचा पांढरा डाग लख्ख दिसतो. तिन्ही उडाल्यावरच जास्त नीट कळतात, म्हणून उडाल्याबरोबर दुर्बीण खाली करू नका.

घोट्याएवढे पाणी. काळे-पांढरे अंग, लांब गुलाबी पाय आणि सुईसारखी सरळ चोच म्हणजे शेकाट्या, यात चूक होत नाही. पांढऱ्या बगळ्यांत मात्र होते. लहान बगळा: चोच काळी, पाय काळे, पण पावले पिवळी. चिखलात पावले दिसत नाहीत, तो पाय उचलेपर्यंत थांबा. गायबगळा: मान आखूड, चोच पिवळी, बहुतेक गुरांपाशी. मोठा आणि मध्यम बगळा या दोघांची चोच हिवाळ्यात पिवळी असते, आकाराचा अंदाज लांबून फसतो. तेव्हा जबड्याची रेघ पाहा: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. हे टिपायला पक्षी पन्नास मीटरच्या आत हवा. नसेल तर वहीत ‘मोठा किंवा मध्यम’ असेच लिहा.

इथेच चमच्यासारख्या चोचीचा चमचा आणि करकोचे. चमचा चोच पाण्यात ठेवून डोके डावीउजवीकडे हलवत पुढे जातो, ही हालचाल अर्ध्या किलोमीटरवरूनही ओळखू येते. रंगीत करकोच्याच्या शेपटीकडच्या पिसांवर गुलाबी रंग असतो, पण त्याचे पिल्लू मातकट असते आणि त्यालाच नवखे वेगळी जात समजतात. उघड्या चोचीचा करकोचा चोच मिटूनही मध्ये फट राहणारा, अडकित्त्यासारखा. पाणगोगलगाय शिंपेतून ओढून खाणे हे त्याचे काम, त्यामुळे काठावर रिकाम्या शिंपांचा ढीग दिसला तर वर झाडांत त्याला शोधा. खाली वाकलेल्या चोचीचे काळे शराटी दोन: खांद्यावर पांढरा डाग आणि डोक्यामागे लाल खरबरीत चट्टा असलेला काळा शराटी शेतात, कोरड्यात, दोघे-तिघे मिळून दिसतो. मोर शराटी पाण्यात, थव्याने, उन्हात तांबूस-हिरवी झाक मारणारा.

झाकलेले पाणी. पानांवर चालणारे लांब बोटांचे पक्षी म्हणजे कमळपक्षी. लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात शेपटीशिवाय असतो. त्या वेळी मानेच्या कडेची काळी रेघ आणि उडताना दिसणारे पांढरे पंख पाहा. कांस्यपंखी कमळपक्ष्याला डोळ्यामागे रुंद पांढरी भुवई असते आणि पंख पांढरे दिसत नाहीत. पाणकणसात निळी-जांभळी, लाल चोचीची, कोंबडीएवढी दिसली तर जांभळी पाणकोंबडी. पाणकणसाच्या कडेला स्तब्ध उभा, तांबूस मानेचा बगळा हा जांभळा बगळा, उघड्यावर उभा असतो तो राखी बगळा.

उघडे पाणी आणि बदके. इथे थांबून वेळ द्या, कारण हिवाळ्यातली खरी मजा इथेच. सगळ्यात आधी वारकरी बाजूला काढा. काळे अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरी ढाल. ते बदक नाही, पण नवख्यांच्या मोजणीतली निम्मी ‘काळी बदके’ वारकरीच निघतात. उरलेल्यांना दोन गटांत वाटा. जी बदके शेपूट वर करून डोके पाण्यात घालतात, शेपूट पाण्याच्या वर ठेवून पोहतात आणि उडताना जागेवरून सरळ वर झेपावतात, ती उथळ पाण्यातली. जी पूर्ण बुडी मारतात, अंग पाण्यात खोल ठेवतात आणि उडण्याआधी पाण्यावर धावतात, ती खोल पाण्यातली. हा एक प्रश्न सुटला की यादी निम्म्यावर येते.

उथळ गटात हळदी-कुंकू स्थानिक आहे: चोच काळी, टोक पिवळे, बुडाशी दोन लाल ठिपके, पाय शेंदरी, नर-मादी सारखे. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला रुंद असते, मादीही त्यावरूनच कळते. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ. नराच्या मानेवर पांढरी पट्टी वर चढत जाते. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई मानेपर्यंत उतरते. चक्रांग हे इथले सर्वांत लहान स्थलांतरित बदक. नराच्या शेपटीखाली पिवळसर त्रिकोण, तो डोक्याच्या रंगाआधी दिसतो. राखी, काही खूण नसलेले आणि मागचा भाग काळा असेल तर मलिन बदक. उडताना पंखात पांढरा चौकोन दिसला की नक्की करा.

बुडी मारणाऱ्यांत मोठी लालसरी: नराचे डोके नारिंगी, चोच लाल. छोटी लालसरी: डोके तांबडे, छाती काळी, अंग राखी, चोच लाल नाही.

तपकिरी माद्यांना एकेकट्याने ओळखायचा हट्ट धरू नका. त्या बहुधा आपल्या नरांच्या जवळ असतात. आधी चोचीचा आकार, मग पंखातल्या चौकोनाचा रंग, मग शेजारी कोण आहे, या क्रमाने जा. शेजाऱ्यावरून काढलेला निष्कर्ष असेल तर वहीत तसे लिहा.

थवा एकदम उठला तर खाली पाहू नका, वर पाहा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो: पंख उथळ ‘व्ही’ आकारात धरून पाणकणसावरून सावकाश तरंगणारा. मादी गडद तपकिरी, डोके मलईच्या रंगाचे. ब्राह्मणी घारीचे डोके पांढरे आणि अंग विटकरी, ती पंख सपाट धरते. पोट पांढरे, डोळ्यातून काळी पट्टी आणि पाय पुढे करून पाण्यात झेप, तो कैकर.

पक्ष्यांपलीकडे

चतुर बसल्यावर पंख आडवे पसरतो, टाचणी, म्हणजे त्याच्यासारखाच पण बारीक कीटक, पंख अंगाला लावून मिटते. चतुराचे डोळे मोठे आणि बहुधा एकमेकांना चिकटलेले, टाचणीचे लांब-लांब. ऑक्टोबरात उन्हात घोंघावत फिरणारे, न बसणारे पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लेवेसेन्स. ते हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात. नारिंगी पंखांचा, काठच्या काडीवर बसणारा छोटा चतुर घाण पाण्यातही टिकतो. एखाद्या काठावर दुसरा कोणताच चतुर नाही आणि हाच भरपूर असेल, तर वरच्या बाजूला सांडपाणी कुठून मिसळते ते शोधा.

पाण्यात पोहणारा साप बहुतेकदा दिवड असतो: बिनविषारी, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्यापाशी दोन तिरप्या काळ्या रेघा. पण काठच्या शेतात नागही असतो, तेव्हा ओळख पटवायला जवळ जायचे नाही. पाणमांजर क्वचितच दिसते. खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, माशाचा वास येणारी विष्ठा आणि चिखलात पाच बोटांचा, पडदा असलेला ठसा, एवढ्या खुणा मिळाल्या तरी नोंदवा.

नोंद आणि मोजणी

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, पट्टा, काय करत होता, चोच-पाय-पंखातल्या खुणा, आणि शेवटी नाव. नाव शेवटी लिहिण्याचे कारण असे की ते आधी लिहिले की डोळे त्या नावाला साजेशाच खुणा शोधतात. मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपचेही तेच: लांबून काढलेल्या धुरकट फोटोवरून ते ठामपणे चुकीचे नाव देते. अ‍ॅपने सांगितलेल्या नावाची खूण आपल्या वहीत आधीच लिहिलेली असेल तरच ते मान्य करा.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी एकेक करून मोजा आणि त्यांनी भिंगातला किती भाग व्यापला ते पाहा. तेवढे दहा भाग म्हणजे शंभर. मग थव्यावर शंभराचे तुकडे टाकत जा. थव्याची दाटी मध्ये जास्त आणि कडेला विरळ असते, म्हणून दोन्ही ठिकाणी वेगळे दहा मोजून घ्या. एकाच थव्याची मोजणी दोघांनी न बोलता करा आणि मग आकडे जुळवा. दीडपटीहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

१९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि स्वयंसेवक लागतात. अभयारण्यातल्या गणनेसाठी वन विभागाच्या कार्यालयात डिसेंबरमध्येच विचारून ठेवा. अनुभवी माणसाबरोबर जोडी मिळते, आणि माद्या व तुतवार शिकायला त्याहून चांगला दिवस नसतो. त्याआधी एकाच मनोऱ्यावरून, साधारण एकाच वेळी, चार-पाच भेटींच्या नोंदी तयार असतील तर त्या दिवशी प्रश्न नेमके विचारता येतात.